रोज वेगळ्या जागी चुकणारी जी मेजर: एका प्रौढ विद्यार्थिनीचे प्रकरण

तक्रार दोन वाक्यांची होती. ‘जी मेजर रोज वेगळ्याच जागी चुकते. काल नीट लागलेलं बोट आज बेसूर लागतं.’ जी मेजर म्हणजे जी हा सा धरून व्हायोलिनवर वाजवलेली स्केल, स्वरांची चढ-उतार. विद्यार्थिनी ४४ वर्षांच्या. व्हायोलिन हाती घेऊन ७ महिने झालेले, आठवड्यातून ५ दिवस ४०-४० मिनिटांचा सराव. वाद्य पूर्ण आकाराचे, कारखान्यात बनलेले, आणि विकत घेताना जो स्टीलच्या तारांचा संच होता त्यावरच अजून चाललेले. फिंगरबोर्डावर, म्हणजे तारांखालच्या ज्या भागावर बोटे दाबतात तिथे, ४ रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या. सरावाच्या वेळी समोर फोन, त्यावर स्वर मोजून दाखवणारा ट्यूनर सुरू. त्यांचे स्वतःचे निदान असे की कान तयार नाही, आणि या वयात तो आता व्हायचाही नाही.

वयाचा मुद्दा लगेच बाजूला ठेवता आला. काल सुरात होते आणि आज नाही, हे ज्या कानाला कळते तो कान काम करतो आहे. प्रश्न वेगळा होता. नवशिक्याच्या हातात वाद्याचा दोष आणि बोटांचा दोष सारखाच ऐकू येतो. तार उतरली तरी स्वर बेसूर, बोट सरकले तरी बेसूर. दोन्ही एकाच वेळी होत असतील तर बोट रोज हलत्या खुणेमागे धावते आणि हाताला कोणतीच जागा पाठ होत नाही. म्हणून तपासणीचा क्रम ठरवला: आधी डावा हात न लावता जे पाहता येते ते सगळे, मग स्केल.

मोकळ्या तारांची चाचणी

चारही तारा ट्यूनरवर नेमक्या लावल्या: जी १९६, डी २९३.७, ए ४४० आणि ई ६५९.३ हर्ट्झ. मग १० मिनिटे फक्त मोकळ्या तारांवर पूर्ण बो (वाजवायची केसांची काठी). पुन्हा ट्यूनर लावला तेव्हा ए तार १८ सेंट उतरलेली होती, डी ६ सेंट. जी आणि ई जवळपास जागच्या जागी. १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर. १८ सेंट कानाला खटकू शकतात. म्हणजे सरावाच्या पहिल्या मिनिटाला जी ए तार होती ती दहाव्या मिनिटाला तशी राहिली नव्हती, आणि दोन सप्तकांच्या जी मेजरमध्ये मधले चार स्वर ए तारेवरच येतात.

ए तारेचा फाइन ट्यूनर, म्हणजे टेलपीसवरचा (तारांची खालची टोके अडकवलेल्या भागावरचा) स्वर बारीक बदलायचा स्क्रू, तळापर्यंत आवळलेला होता. हे फार ठिकाणी दिसते. तार रोज थोडी उतरते, विद्यार्थी रोज स्क्रू थोडा आवळतो, आणि एक दिवस स्क्रूला फिरायला जागाच उरत नाही. टेलपीसखालची त्याची दांडी इथे वाद्याच्या वरच्या फळीपासून जेमतेम १ मिलिमीटर राहिली होती. आणखी थोडी खाली गेली असती तर पॉलिशवर ओरखडा पक्का. यावर उपाय एकच: स्क्रू मधोमध येईपर्यंत सैल करायचा, आणि उतरलेला स्वर खुंटीने वर घ्यायचा. विद्यार्थिनी नेमके हेच टाळत होत्या, कारण ए ची खुंटी फिरवून सोडली की ‘खर्रर्र’ करून मागे यायची.

खुंटी का घसरते

व्हायोलिनची खुंटी निमुळती असते. तिच्यात स्क्रू नाही, गोंद नाही. ती फक्त दोन भोकांच्या भिंतींशी होणाऱ्या घर्षणावर उभी राहते. नुसती फिरवली तर ती टिकत नाही. फिरवताना आत दाबावीही लागते, एकाच हालचालीत. स्वर नेहमी खालून वर आणायचा: आधी थोडी उतरवायची, मग आत दाबत दाबत चढवायची. वरून खाली आणून सोडलेली खुंटी पुढच्या काही मिनिटांत आणखी खाली जाते.

इथे दाबूनही खुंटी टिकेना, म्हणून ती काढून पाहिली. फक्त ती एकच. बाकी तीन तारा ताणलेल्या राहू दिल्या. नीट बसणाऱ्या खुंटीवर दोन चमकदार कडी दिसतात, एक मुठीच्या बाजूला आणि एक टोकाकडे, जिथे ती खुंट्यांच्या पेटीच्या (पेगबॉक्सच्या) दोन्ही भिंतींना घासते. इथे दोन्ही कडी होती, म्हणजे खुंटीचा आकार ठीक होता. एकच कडे दिसले असते तर घरगुती उपाय थांबवून वाद्य कारागिराकडे न्यावे लागले असते, कारण मग खुंटी किंवा भोक नव्याने तासावे लागते. दोष तार गुंडाळण्यात निघाला. तार खुंटीच्या मध्यावरच वेढे घेऊन थांबली होती. वेढे भोकापासून सुरू होऊन मुठीच्या बाजूच्या भिंतीकडे सरकत गेले पाहिजेत आणि शेवटचा वेढा भिंतीला हलकेच टेकला पाहिजे. मग तारेचा ताणच खुंटीला आत ओढून धरतो. भिंतीवर फार चढवली तर उलटा त्रास: खुंटी जाम होते आणि तार तिथेच तुटते.

दोन चमकदार कड्यांवर पेग कंपाउंडचा (खुंट्यांसाठीच्या लेपाचा) एक पातळ थर दिला, खुंटी चार-पाच वेळा पूर्ण फिरवून तो पसरू दिला, आणि तार नव्याने गुंडाळली. कंपाउंड हाताशी नसेल तर घसरणाऱ्या खुंटीला कोरड्या खडूची एक रेघ आणि अडकणाऱ्या खुंटीला कोरड्या साबणाचा हलका हात, एवढ्यावर भागते. रोझिन (बोच्या केसांना लावायची राळ) मात्र खुंटीला कधी लावू नये. दोन दिवस घट्ट धरते, मग खुंटी झटके देत फिरते आणि नेमका स्वर लावणे अशक्य होते.

हवेचाही यात हात असतो. हवा कोरडी झाली की लाकूड आकसते आणि खुंट्या सुटतात. दमट झाली की फुगते आणि खुंट्या अडकतात. ४० ते ६० टक्के आर्द्रता वाद्याला मानवते. वाद्य ठेवायच्या पेटीत छोटा आर्द्रतामापक ठेवला तर खुंटी आपल्या चुकीने सुटली की हवेने, हा वाद रोज घालावा लागत नाही.

घोडी, आणि पट्ट्यांचा घोळ

घोडी म्हणजे ब्रिज. बाजूने पाहिले तर तिचा माथा फिंगरबोर्डाकडे झुकलेला दिसत होता. तार खुंटीने चढवली की ती घोडीच्या खाचेतून पुढे सरकते आणि माथ्याला प्रत्येक वेळी केसभर सोबत ओढते. सात महिन्यांत हे केसभर साठत जाते. शिवाय मध्यंतरी एकदा ए ची खुंटी पूर्ण सुटली होती आणि तार परत ताणताना घोडीचा ई बाजूचा पाय पुढे सरकला होता. नटपासून (फिंगरबोर्डाच्या खुंट्यांकडच्या टोकाची आडवी कड, जिच्यावरून तारा जातात) घोडीच्या माथ्यापर्यंत मोजले: जी तार ३२८ मिलिमीटर, ई तार ३२४.

चार मिलिमीटरने काय बिघडते हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. ३२८ मिलिमीटरच्या तारेवर तिसऱ्या बोटाची (मोजणी तर्जनीपासून) जागा, म्हणजे मोकळ्या तारेचा मध्यम, नटपासून ८२ मिलिमीटरवर येते, तारेच्या बरोबर चौथ्या भागावर. तार ३२४ ची झाली आणि बोट त्याच ८२ वर ठेवले तर स्वर सुमारे ७ सेंट चढा लागतो. चौथ्या बोटाला, १०९ मिलिमीटरवर, हा फरक १० सेंटच्या घरात जातो. पहिल्या बोटाला तो जाणवतही नाही. पट्ट्या घोडी सरळ असताना चिकटवल्या होत्या. घोडी हलली, पट्ट्या तिथेच राहिल्या. चारही तारांवर आडवी जाणारी एकच पट्टी जी तारेला खरी आणि ई तारेला खोटी झाली.

घोडी सरळ करताना घाई केली की ती आडवी पडते, आणि पडताना वरच्या फळीला खड्डा पाडू शकते. म्हणून क्रम असा ठेवला. वाद्य मांडीवर, टेलपीस पोटाकडे. चारही तारा थोड्या उतरवल्या, घोडी बोटांनी हलेल इतक्याच. पूर्ण सैल नाहीत. दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत माथ्याचे दोन्ही कोपरे धरून माथा मागे घेतला, एका वेळी अर्धा मिलिमीटर. ई बाजूचा पाय त्याच्या जुन्या ठशावर आणला. पॉलिशवर तो ठसा तिरक्या उजेडात दिसतो. दोन्ही पाय एफ आकाराच्या भोकांच्या आतल्या बाजूला कोरलेल्या छोट्या खाचांच्या रेषेत आले की जागा बरोबर. घोडीची टेलपीसकडची बाजू वरच्या फळीशी काटकोनात असावी आणि पायांखाली कागद सरकेल एवढीही फट नसावी. चारही खाचांत आणि नटाच्या खाचांत मऊ पेन्सिलचे शिसे घासले, म्हणजे पुढच्या वेळी तार घोडीला न ओढता सरकते.

तारा पूर्ण सैल का करायच्या नाहीत? आत ई बाजूच्या पायाच्या थोडे मागे साउंडपोस्ट उभा असतो, साधारण पेन्सिलीएवढी जाड अशी एक लाकडी दांडी. तीही बिनगोंदाची, फक्त दाबाने टिकलेली. सगळ्या तारा एकदम काढल्या तर ती आत पडू शकते, आणि ती परत उभी करणे हे घरचे काम नव्हे. भोकातून टॉर्च मारून ती उभी आहे एवढी खात्री केली आणि तिथेच थांबलो: तिला हात लावायचा नाही.

घोडी मापात आल्यावर दोन तार-लांबींतला फरक १ मिलिमीटरच्या आत आला. पण इथे एक गोष्ट स्पष्ट ठेवली पाहिजे. ७ ते १० सेंटची चूक खरी असली तरी विद्यार्थिनींच्या जी मेजरमधली मोठी चूक ४० सेंटपर्यंत जात होती. घोडीने ती केली नव्हती.

तारा

फिंगरबोर्डाच्या नटाकडच्या भागात, जिथे बोटे पडतात, तिथे ए आणि डी तारांचे बाहेरचे वेटोळे नखाला खरखरीत लागत होते आणि रंग काळवंडला होता. बोटांचा घाम वेटोळ्यांत शिरतो, बो लागतो तिथे रोझिनची पुटे चढतात, आणि तार सगळीकडे सारख्या वजनाची राहत नाही. अशी तार मोकळी सुरात लागते, पण बोट ठेवले की खोटी बोलते.

याची चाचणी सोपी आहे. एकच बोट दोन तारांवर आडवे, नटाला समांतर दाबायचे आणि दोन्ही तारा एकत्र वाजवायच्या. मोकळ्या तारा पंचमात लागलेल्या असतील तर बोटाखालीही पंचमच आला पाहिजे. घोडी सरळ केल्यानंतर हे करून पाहिले. ए-ई जोडीत पंचम आला. डी-ए जोडीत पहिल्या बोटाला बरा आणि तिसऱ्याला स्पष्ट डुलणारा, म्हणजे लाटांसारखा कमी-जास्त होणारा. जी-डी जोडी ठीक. डी-ए आणि ए-ई या दोन्हीत ए सामाईक आहे, पण ए-ई स्वच्छ. डी असलेली जी-डी जोडीही स्वच्छ. मग दोष कोणाचा? इथे हात तिरका पडतो आहे का हे आधी तपासावे लागते, कारण बोट एक मिलिमीटर तिरके पडले तरी असेच ऐकू येते. म्हणून बोटाऐवजी पेन्सिल आडवी ठेवून पुन्हा पाहिले. पेन्सिलीखाली ए-ई मध्येही डुलणे आले. बोटाने ते नकळत सावरून घेतले होते. गुन्हेगार ए.

चारही तारा बदलल्या, कारण सात महिने रोज वाजलेल्या स्टीलच्या संचात एकच नवी तार टाकली की तिचा आवाज वेगळा काढून दाखवल्यासारखा उठून दिसतो. नवा संच सिंथेटिक गाभ्याचा घेतला. फक्त ई स्टीलची. एका वेळी एकच तार काढायची आणि नवी चढवून ताणल्यावर पुढचीला हात लावायचा. प्रत्येक तारेनंतर घोडीच्या मागच्या बाजूकडे एक नजर. स्टीलची ई दिवसाभरात स्थिरावते, सिंथेटिक तारा ४ ते ७ दिवस उतरत राहतात. त्या दिवसांत सरावाच्या आधी आणि मध्ये दोनदा लावायच्या, आणि एक फेरी झाली की दुसरी फेरी करायचीच: एका तारेचा ताण बदलला की टेलपीस हलते आणि उरलेल्या तिन्ही थोड्या सरकतात.

ई तारेवर प्लास्टिकची एक बारीक नळी येते. ती घोडीच्या खाचेत बसते, म्हणजे पातळ तार लाकूड कापत नाही. इथे जुन्या तारेची नळी घसरून घोडी आणि फिंगरबोर्ड यांच्यामध्ये, तारेच्या वाजणाऱ्या भागावर आली होती. ई तारेचा आवाज दबका का, याचे उत्तर तिथेच लटकत होते.

बो आणि रोझिन

‘आवाज खरखरतो म्हणून रोझिन वाढवलं’, असे त्या म्हणाल्या. रोज १५-२० फेऱ्या. परिणाम तारांखाली दिसत होता: फळीवर पांढरी भुकटी, तिचा काही भाग घट्ट होऊन चिकटलेला. रोझिन केसाला चिकटपणा देते. बो तारेला पकडतो, सोडतो, पुन्हा पकडतो, आणि तार वाजते. चिकटपणा गरजेपेक्षा वाढला की सोडणे उशिरा होते आणि खरखर वाढते. म्हणजे औषधच रोग वाढवत होते. ४० मिनिटांच्या सरावाला ३-४ लांब, सावकाश फेऱ्या एक दिवसाआड पुरतात. तारेवर आवाज निसटायला लागला, शिट्टी मारल्यासारखा झाला, तरच अधिक.

बो इतका आवळलेला होता की काठीचा आतला बाक जवळजवळ सरळ झाला होता. मधोमध केस आणि काठी यांच्यात पेन्सिल जाईल एवढे, म्हणजे ७-८ मिलिमीटर, अंतर पुरे. सराव संपला की केस लोंबणार नाहीत पण ताणलेलेही राहणार नाहीत इतका सैल. आवळून ठेवलेला बो बाक हरवतो आणि तो परत आणणे कारागिरालाही सोपे नाही. बोच्या मुठीजवळचे, म्हणजे बो जिथे धरतात तिथले, २-३ सेंटिमीटर केस काळे पडले होते. तिथे अंगठा लागतो. तेवढ्यासाठी केस बदलायची गरज नव्हती, केसांना बोट न लावण्याची होती.

फळीवरची सैल भुकटी कोरड्या मऊ फडक्याने निघाली. घट्ट झालेला थर तसाच ठेवला. स्पिरिटने तो झटकन निघतो हे खरे, आणि त्याबरोबर खालचे पॉलिशही निघते. तारा पुसायला स्पिरिट वापरणाऱ्यांच्या वाद्यावर थेंबाचे फिकट डाग दिसतात ते याच कारणाने. फडकी दोन ठेवायची: एक तारांना आणि बोच्या काठीला, दुसरे लाकडाला. एकच वापरले तर रोझिन सगळीकडे सारवले जाते.

आता स्केल

आठवड्याभराने वाद्य स्थिर झाले. दहा मिनिटांच्या चाचणीत एकही तार ४ सेंटहून जास्त हलली नाही. जी मेजर पुन्हा वाजवून घेतली, ट्यूनर बंद ठेवून. चूक आता रोज वेगळ्या जागी नव्हती. दोनच जागी होती, आणि दोन्ही वेळा दुसरे बोट.

दोन सप्तकांच्या जी मेजरची बोटे पाहिली की कारण समजते. जी तारेवर जी, ए, बी, सी: सा रे ग म. डी तारेवर डी, ई, एफ शार्प (एफहून अर्धस्वर वर), जी: प ध नी सा, पण बोटांचा नमुना तोच. दोन्हीकडे दुसरे आणि तिसरे बोट चिकटून, कारण तिथे अर्धस्वर आहे. ए तारेवर गेलो की ए, बी, सी, डी. इथे अर्धस्वर बी आणि सी यांच्यात येतो, म्हणजे आता पहिले आणि दुसरे बोट चिकटते, तिसरे लांब. ई तारेवर ई, एफ शार्प, जी: पुन्हा पहिले-दुसरे जवळ. दुसऱ्या बोटाला स्केलच्या अर्ध्यात घर बदलावे लागते. ३२८ मिलिमीटरच्या तारेवर उंच दुसरे बोट नटपासून सुमारे ६९ मिलिमीटरवर आणि खालचे दुसरे बोट ५१ वर. दोन्हींत १८ मिलिमीटर, जवळजवळ एका बोटाची रुंदी.

आणि पट्ट्या? दुसऱ्या बोटाची पट्टी एकच होती, ६९ वर. खालच्या दुसऱ्यासाठी खूणच नाही. विद्यार्थिनींना कान सांगत होता की सी खाली आहे, डोळा सांगत होता की पट्टी वर आहे, आणि बोट मध्ये कुठेतरी पडत होते, ४० सेंट चढे. कधी कान जिंकला, कधी पट्टी. ‘रोज वेगळ्या जागी’ याचा अर्थ एवढाच होता.

पट्ट्या काढल्या. फक्त पहिल्या बोटाची ठेवली, तीही तीन आठवड्यांसाठी. ट्यूनर फक्त तारा लावण्यापुरता. स्केल वाजवताना सुईकडे पाहिले की स्वर आधी चुकीचा लागतो आणि मग सुई पाहून सरकवला जातो. कान या सगळ्यात हजर नसतोच. त्याऐवजी वाद्याचेच उत्तर ऐकायचे. डी तारेवरचे तिसरे बोट, जी, बरोबर पडले की शेजारची मोकळी जी तार आपोआप थरथरते आणि स्वराला शेपूट फुटते. ए तारेवरचे तिसरे बोट मोकळ्या डी ला हलवते, ई तारेवरचे तिसरे बोट मोकळ्या ए ला. बोट दोन मिलिमीटर इकडेतिकडे गेले की ते शेपूट गायब. पहिल्या दिवशी हे ऐकू येत नाही म्हणून शेजारच्या तारेकडे पाहायला सांगितले: वाजवत नसलेली जी तार धूसर, दुहेरी दिसू लागते. डोळ्याने पाहिले की दुसऱ्या दिवशी कान ऐकतो.

पहिला आठवडा फक्त डी तार. आधी तिसरे बोट, त्याचे शेपूट मिळेपर्यंत. मग तिसरे तिथेच दाबून ठेवून त्याला चिकटून दुसरे, मग पूर्ण स्वर मागे पहिले. असे उलट बांधल्याने हाताची चौकट तिसऱ्या बोटावर उभी राहते. पहिल्यापासून पुढे मोजत गेले की प्रत्येक बोटाची चूक पुढच्यात साठते. मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) ६०, म्हणजे मिनिटाला ६० ठोके, प्रत्येक स्वराला ४ ठोके, एक बो.

पहिल्या बोटाने वेगळाच गोंधळ घातला. डी तारेवरचा ई त्या कधी मोकळ्या ए बरोबर जुळवत, कधी मोकळ्या जी बरोबर, आणि दोन्हीकडे तो एकाच जागी जुळेना. इथे त्यांची चूक नव्हती. ए शी शुद्ध चतुर्थाचे (सा-म) अंतर ठेवणारा ई नटपासून साधारण ३६ मिलिमीटरवर येतो. जी शी शुद्ध षष्ठाचे (सा-ध) अंतर ठेवणारा ई ३३ च्या आसपास. दोन्ही शुद्ध, आणि दोन्हींत २१.५ सेंटचे अंतर. तारा पंचमात लावल्या की हे अंतर टळत नाही. स्केलसाठी वरचा, ए शी जुळणारा ई धरायचा असे ठरवले आणि जी शी जुळवणे बंद केले.

दुसऱ्या आठवड्यात जी तार, त्याच नमुन्याने. जी तारेवर प्रौढांची कोपर बाहेर राहते आणि तिसरे बोट पोचत नाही, मग ते ताणून आडवे पडते. कोपर छातीकडे आत घेतली की बोट उभे पडते. मनगट वाद्याच्या मानेला टेकवायचे नाही. पकड तपासायला दर ओळीनंतर अंगठा एकदा उचलून पाहायचा. उचलताना वाद्य हलले तर मान-खांदा ते धरत नव्हते, अंगठा धरत होता.

तिसरा आणि चौथा आठवडा ए तारेवर, तोही फक्त बदलत्या दुसऱ्या बोटासाठी. ए, बी, सी शार्प, डी असे एकदा, लगेच ए, बी, सी, डी असे एकदा. पहिले आणि तिसरे बोट जागचे हलवायचे नाही, दुसऱ्यानेच घर बदलायचे. रोज १० जोड्या, वेग ५०. सहाव्या-सातव्या जोडीला थकलेले दुसरे बोट पहिल्यालाही मागे ओढायला लागते. तिथे थांबायचे, दहा पुरे करायचे नाहीत. त्यानंतर डी तारेवरून ए तारेवर जाण्याचा सांधा वेगळा: एफ शार्प, जी, ए, बी, सी, आणि परत. दुसरे बोट हवेत असतानाच त्याला कोणत्या घरी जायचे ते ठरलेले हवे, म्हणून मोकळी ए वाजत असताना मोठ्याने ‘खाली’ म्हणायचे. ऐकायला पोरकट, पण ए वर चारही ठोके मिळतात आणि बोट उशिरा विचार करत नाही.

ई तारेची शिट्टी पाचव्या आठवड्यात हाती घेतली. साधी स्टीलची ई तार बोने नीट पकडली नाही तर आडवी हलण्याऐवजी स्वतःभोवती पिळवटते आणि किंचाळते. बहुतेक वेळा कारण दोनांतले एक: ए तारेवरच्या तिसऱ्या बोटाचे पोट ई ला टेकलेले, किंवा तार बदलताना बो उडत गेलेला. इथे दोन्ही होते. उतरताना मोकळ्या ई ऐवजी ए तारेवर चौथे बोट घ्यायला लावले. शिट्टीचा प्रश्नच उरत नाही, आणि चौथ्या बोटाला काम मिळते. चढताना मोकळी ई ठेवली, बो आधी तारेवर टेकवून मग ओढायचा.

सहा आठवड्यांनंतर

६० च्या वेगाने दोन सप्तके चढ-उतार, प्रत्येक स्वराला २ ठोके, सलग पाच वेळा वाजवून घेतली. तिन्ही ‘शेपटीचे’ स्वर चार वेळा पूर्ण मिळाले. पाचव्या फेरीत ई तारेवर चढून गेलेले तिसरे बोट, जे स्केलमध्ये नाही पण तपासणीसाठी घेतले होते, थोडे खाली राहिले. ए तारेवरचा सी आता पाचही वेळा १० सेंटच्या आत. खरखर बोच्या मुठीजवळ अजून ऐकू येते. तिथे बोचे सगळे वजन तारेवर येते आणि करंगळी ते उचलत नाही. हा उजव्या हाताचा स्वतंत्र धडा आहे.

ई तारेवरचा जी अजून कच्चा आहे. ६० ला बरोबर, ७२ ला चढा, ८० ला पुन्हा अर्धस्वराच्या वाटेवर. म्हणून मेट्रोनोम आठवड्याला ४ ने वाढवायचा आणि जी चढला की त्याच दिवशी ४ मागे. पहिल्या बोटाची पट्टी निघाली आहे. तारांच्या पाकिटावर बसवल्याची तारीख लिहून ते पेटीत ठेवले आहे. पेन्सिलची पंचम-चाचणी महिन्यातून एकदा, आणि घोडीकडे बाजूने पाहणे दर वेळी खुंटी फिरवल्यावर.